हजाराहून जास्त गाण्यांत वाजलेला ड्रमर, ज्याचा स्वतःचा पहिला अल्बम पन्नाशीनंतर आला

पब्लिक एनिमीचं 'फाइट द पॉवर' ऐकलंय? एलएल कूल जेचं 'मामा सेड नॉक यू आउट'? किंवा जॉर्ज मायकलचं 'फ्रीडम! ९०'?

यातलं एकही ऐकलं नसेल तरी बिघडत नाही. पण ही तिन्ही गाणी एकापाठोपाठ लावलीत आणि गायकाकडे दुर्लक्ष करून फक्त मागचे ड्रम ऐकलेत, तर थोड्या वेळानं एक गोष्ट लक्षात येईल. तिन्हीकडे तोच ठेका आहे. तोच म्हणजे अगदी तोच, एकाच माणसानं एकाच दिवशी एकाच स्टुडिओत वाजवलेला.

त्या माणसाचं नाव क्लाइड स्टबलफील्ड. दिवस होता २० नोव्हेंबर १९६९. आणि ज्या गाण्यातून हा तुकडा उचलला गेला, त्याचं नाव 'फंकी ड्रमर'.

हा जेमतेम वीस सेकंदांचा तुकडा पुढे हजाराहून जास्त गाण्यांत वापरला गेला. त्यातून कित्येकांची घरं उभी राहिली, कंपन्या मोठ्या झाल्या, खटले लढले गेले. क्लाइडला मात्र त्या गाण्यांच्या रॉयल्टीत हक्काचा म्हणावा असा वाटा कधी मिळाला नाही. त्याच्या स्वतःच्या नावाचा पहिला अल्बम आला तो थेट १९९७ साली, पन्नाशी उलटल्यावर. अल्बमचं नाव होतं 'द रिव्हेंज ऑफ द फंकी ड्रमर'. म्हणजे फंकी ड्रमरचा सूड.

आता हा सूड नेमका कुणावर, आणि तो घ्यायची वेळ का आली?

सेशन ड्रमर म्हणजे कोण?

गाणं रेकॉर्ड होताना गायकाच्या मागे जे वादक वाजवतात, ते बऱ्याचदा त्या गायकाच्या बँडचे नसतात. त्यांना त्या कामापुरतं बोलावलेलं असतं. आले, नोटेशन बघितलं किंवा दोनदा चाल ऐकली, वाजवलं, पैसे घेतले, पुढच्या स्टुडिओत गेले. अमेरिकेत साठच्या दशकात तीन तासांचं एक सेशन असा हिशेब असायचा आणि वादकांच्या युनियननं त्याचा दर ठरवून दिलेला असायचा. गाणं पडलं तरी तेवढेच पैसे, जगभर गाजलं तरी साधारण तेवढेच.

लॉस एंजेलिसचा हॅल ब्लेन हे यातलं सगळ्यात मोठं नाव. बिलबोर्डच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेलेल्या सुमारे ४० गाण्यांत तो वाजला, असं मानलं जातं. पण रेकॉर्डच्या कव्हरवर त्याचं नाव शोधायला गेलात तर बहुतेक ठिकाणी सापडणार नाही. हॅल ब्लेन, अर्ल पामर, बर्नार्ड पर्डी अशा काही जणांनी साठच्या दशकातच स्वतःच्या नावानं अल्बम काढले होते. पण तो अपवाद. ड्रमरच्या नावावर रेकॉर्ड खपते यावर कंपन्यांचा विश्वास नसायचा, आणि ज्याला रोज काम मिळतंय तो वादक स्वतःच्या अल्बमसाठी चार महिने घरी बसू शकत नाही. म्हणून या धंद्यात पहिला सोलो अल्बम बऱ्याचदा उतारवयात येतो, किंवा येतच नाही.

काटेकोर बोलायचं तर क्लाइड हा तीन तासांच्या सेशनवाला वादक नव्हता. तो जेम्स ब्राउनच्या बँडमधला पगारी ड्रमर होता. पण हक्कांच्या बाबतीत त्याची अवस्था तीच होती. काम केलं, पगार घेतला, विषय संपला.

कारखान्याच्या भोंग्यापासून जेम्स ब्राउनपर्यंत

क्लाइडचा जन्म १८ एप्रिल १९४३ चा, टेनेसी राज्यातल्या चट्टानूगा या शहरातला. डोंगरांच्या मधे वसलेलं हे कारखान्यांचं आणि रेल्वेचं गाव. लहानपणी तिथल्या मिरवणुकीत त्यानं ड्रम वाजवणारे पाहिले आणि त्याला तेच करायचं होतं. ड्रम शिकायला कुणाकडे गेला नाही. त्यानं पुढे मुलाखतींतून सांगितलंय की त्याचे खरे गुरू म्हणजे गावातले आवाज. कारखान्यातून हवा सुटायची, तो आवाज डोंगरावर आपटून परत यायचा. रूळांवरून गाडी जाताना खडखड व्हायची. या आवाजांच्या लयीत तो चालायचा आणि त्यावर मनात ठेके बांधायचा.

हे वाचायला फार गोड वाटतं, आणि कलाकारांच्या बालपणीच्या गोष्टी मी साधारणपणे निम्म्या करूनच वाचते. पण क्लाइडचं वाजवणं ऐकल्यावर ही गोष्ट पटते. त्याच्या ठेक्यात एक मुख्य आवाज असतो आणि त्याच्या मागेमागे प्रतिध्वनीसारखे बारीक आवाज असतात. त्याबद्दल पुढे येतंच आहे.

किशोरवयातच तो पैसे घेऊन वाजवू लागला. साठच्या दशकाच्या सुरुवातीला जॉर्जिया राज्यातल्या मेकन शहरात आला. ब्लूज गिटारवादक एडी कर्कलंडबरोबर वाजवलं, ओटिस रेडिंगबरोबर दौरे केले. १९६५ मध्ये मेकनमध्येच जेम्स ब्राउनची नजर त्याच्यावर पडली आणि तो ब्राउनच्या बँडमध्ये गेला.

ब्राउनकडे एका वेळी एकापेक्षा जास्त ड्रमर असायचे. त्यातली जोडी जमली ती क्लाइड आणि जॉन 'जेबो' स्टार्क्स यांची. जेबो सरळ, गुळगुळीत वाजवायचा. क्लाइड गुंतागुंतीचं, मोडून मोडून वाजवायचा. १९६७ चं 'कोल्ड स्वेट', १९६८ ची 'आय गॉट द फीलिन' आणि 'से इट लाउड', १९६९ चं 'मदर पॉपकॉर्न' ही सगळी क्लाइडची. संगीताचे अभ्यासक 'कोल्ड स्वेट'ला फंक या प्रकाराची सुरुवात मानतात. त्यातली स्नेअरची थाप ठरलेल्या जागेवर न पडता मधेच सरकून पडते आणि ऐकणाऱ्याचा पाय क्षणभर अडखळतो. तो अडखळणं म्हणजेच फंक.

ब्राउनची शिस्त कडक होती. सूर चुकला, बूट चमकत नसले, उशीर झाला, तर वादकांना दंड. रंगमंचावर नाचतानाच तो बोटांच्या खुणांनी कुणाला किती दंड झाला ते सांगायचा. बँड घट्ट वाजायचा याचं हे एक कारण होतं, आणि वादक सोडून जायचे याचंही.

त्या दिवशी झालं काय?

नोव्हेंबर १९६९. ओहायो राज्यातल्या सिनसिनाटीत किंग रेकॉर्ड्सचा स्टुडिओ. क्लाइडनं नंतर जे सांगितलं त्यानुसार काही ठरवून झालं नव्हतं. ड्रम मांडून झाले, त्यानं सहज एक ठेका धरला. बासवाला त्यात आला, मग गिटारवाला आला. ब्राउनला ते आवडलं आणि रेकॉर्डिंग सुरू झालं.

पूर्ण गाणं नऊ मिनिटांच्या वर आहे. त्यातली पहिली पाच मिनिटं तर ड्रमरबद्दल नाहीतच. ब्राउन ऑर्गन वाजवतोय, सॅक्सोफोन वाजतोय, मधूनमधून ब्राउन ओरडतोय. मग तो बँडला सूचना देतो की आता ड्रमरला एकट्याला वाजवू द्या. आणि ड्रमरला सांगतो की सोलोबिलो काही करू नकोस, जे वाजवतोयस तेच चालू ठेव.

ही सूचना फार महत्त्वाची ठरली. ड्रमर एकटा सुटला की सहसा आतषबाजी करतो. क्लाइडनं ती केली नाही. बाकीची वाद्यं थांबली आणि आठ आवर्तनं फक्त ठेका वाजत राहिला. स्वच्छ, एकट्यानं, कुणाचाही आवाज त्यात न मिसळता. वीस वर्षांनी मशीनवर कापून घ्यायला याहून सोयीचा तुकडा दुसरा नव्हता. अर्थात त्या दिवशी हे कुणाच्या स्वप्नातही नव्हतं.

मार्च १९७० मध्ये गाणं दोन भागांत सिंगल म्हणून आलं. अमेरिकेच्या रिदम अँड ब्लूज यादीत २० व्या क्रमांकापर्यंत गेलं, मुख्य पॉप यादीत ५१ व्या. ब्राउनच्या हिशेबानं बेताचंच यश. कुठल्या अल्बममध्येही ते घेतलं गेलं नाही. खुद्द क्लाइडलाही हे गाणं फारसं आवडायचं नाही.

या ठेक्यात आहे तरी काय?

थोडं तांत्रिक, पण सोपं करून सांगते. चार मात्रांचं आवर्तन घ्या. प्रत्येक मात्रेचे चार भाग करा. झाले सोळा. उजव्या हातानं हाय-हॅटवर, म्हणजे पायानं उघडझाप होणाऱ्या दोन झांजांवर, हे सोळा भाग सारखे वाजतायत. मधेच झांज किंचित उघडते आणि 'त्स' असा आवाज सुटतो. दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर डाव्या हाताची स्नेअरवर खणखणीत थाप. खाली पायानं बास ड्रम, तो मात्र सरळ न पडता आडवातिडवा पडतो. पहिल्या मात्रेवर सगळे एकत्र येतात. जेम्स ब्राउन त्या पहिल्या मात्रेला 'द वन' म्हणायचा. आपल्याकडे सम म्हणतात, तसंच काहीसं.

इथपर्यंत कुणीही चांगला ड्रमर पोचेल. गंमत पुढे आहे. त्या दोन मोठ्या थापांच्या मधल्या जागेत क्लाइडचा डावा हात थांबत नाही. स्नेअरवर अगदी हलके, जेमतेम ऐकू येतील असे ठोके पडत राहतात. यांना घोस्ट नोट्स म्हणतात, म्हणजे भुतासारखे, असून नसलेले. तबला ऐकणाऱ्यांना ही कल्पना नवी नाही. मुख्य बोलांच्या मधे तबलजी बोटांनी जो भरणा करतो, तो वेगळा ऐकू येत नाही, पण काढून टाकला तर ठेका कोरडा वाटतो. फंकी ड्रमरमध्ये नेमकं हेच आहे. ड्रम मशीनवर हा ठेका जसाच्या तसा टाईप केला तर आकडे बरोबर येतात आणि गाणं मरतं. म्हणूनच लोकांनी तो पुन्हा वाजवून घेण्यापेक्षा मूळ रेकॉर्डमधून उचलणं पसंत केलं.

१९८६ नंतरचा स्फोट

१९८६ मध्ये पॉलिडॉर कंपनीनं 'इन द जंगल ग्रूव्ह' नावाचा ब्राउनच्या जुन्या गाण्यांचा संग्रह काढला. त्यात 'फंकी ड्रमर' पूर्ण लांबीचं आलं, आणि सोबत फक्त ठेक्याची पुन्हा पुन्हा येणारी एक छोटी आवृत्तीसुद्धा. पुढच्याच वर्षी ई-म्यू कंपनीचं एसपी-१२०० हे मशीन बाजारात आलं. त्यात जेमतेम दहा सेकंदांचा आवाज साठवता यायचा. पण एक आवर्तन साठवून ते फिरवत ठेवायला दोन-तीन सेकंदही पुरतात.

रेकॉर्ड आणि मशीन, दोन्ही एकाच वेळी हाताशी आल्यावर जे व्हायचं तेच झालं. पब्लिक एनिमी, एन.डब्ल्यू.ए., रन-डीएमसी, एरिक बी. अँड रकीम, एलएल कूल जे. मग रॅपच्या बाहेरही हा ठेका पोचला. आयर्लंडच्या शिनेड ओ'कॉनरनं एका जुन्या आयरिश कवितेवरच्या गाण्याखाली तो लावला. न्यूयॉर्कच्या गल्लीतला राग आणि आयर्लंडमधला शोक, दोघांखाली तोच ठेका. याबाबत क्लाइडला सुरुवातीला काही कल्पनाच नव्हती. तो तेव्हा विस्कॉन्सिन राज्यातल्या मॅडिसन शहरात राहत होता.

मग पैसे कुणाला मिळाले?

इथे जरा थांबून समजून घेऊ, कारण खरी गोम इथेच आहे.

एका रेकॉर्डमध्ये दोन वेगवेगळे हक्क असतात. पहिला गाण्याच्या रचनेचा, म्हणजे शब्द आणि चाल. दुसरा त्या विशिष्ट ध्वनिमुद्रणाचा. 'फंकी ड्रमर'च्या रचनेचं श्रेय एकट्या जेम्स ब्राउनच्या नावावर आहे. ध्वनिमुद्रण कंपनीच्या मालकीचं. ठेका ज्यानं बांधला आणि वाजवला, तो यात कुठेच नाही.

का नाही? कारण पाश्चात्त्य संगीताच्या कायद्यात रचना म्हणजे पूर्वापार कागदावर लिहिता येते ती चाल आणि शब्द. ड्रमचा ठेका ही सजावट मानली गेली. ज्या संगीतात ठेका हाच गाण्याचा कणा आहे, त्यालाही हीच फूटपट्टी लावली. आता असा विचार करा की एखाद्या लावणीत लोक ज्या ढोलकीच्या तुकड्यावर शिट्ट्या मारतात, तोच तुकडा कायद्याच्या नजरेत गाण्याचा भाग नाही.

यात आणखी एक गंमत आहे. अमेरिकेत ध्वनिमुद्रणाला केंद्रीय कायद्याचं कॉपीराइट संरक्षण मिळालं तेच मुळी १५ फेब्रुवारी १९७२ पासूनच्या रेकॉर्डिंगना. 'फंकी ड्रमर' त्याआधीचं. अशी जुनी रेकॉर्डिंग्ज वेगवेगळ्या राज्यांच्या कायद्यांच्या भरवशावर होती. केंद्रीय कायद्याच्या छत्राखाली ती आली २०१८ मध्ये. तोवर क्लाइड जाऊन वर्ष उलटलं होतं.

१९९१ मध्ये सॅम्पलिंगवर मोठा निकाल आला. रॅपर बिझ मार्कीनं गिल्बर्ट ओ'सुलिव्हनच्या गाण्याचा तुकडा परवानगीशिवाय वापरला होता. न्यूयॉर्कच्या कोर्टात न्यायाधीशांनी चोरी करू नये या बायबलमधल्या आज्ञेनंच निकालाची सुरुवात केली. त्यानंतर सॅम्पल वापरण्याआधी परवानगी घेणं आणि पैसे भरणं हा धंद्याचा रिवाज झाला. बऱ्याच लेखांत हा निकाल कलाकारांना न्याय देणारा म्हणून सांगितला जातो. पण क्लाइडच्या बाजूनं बघा. आधी त्याचा ठेका फुकट उचलला जायचा, त्याला काही मिळायचं नाही. आता ठेक्याचे पैसे भरले जाऊ लागले, ते ब्राउनला आणि कंपनीला. त्याला तरीही काही मिळायचं नाही. कायदा कडक झाला आणि त्याचा आकडा शून्यच राहिला.

जेम्स ब्राउनची बाजूही आहे, ती सोडून चालणार नाही. बँड त्याचा, पगार तो देणार, दौरे तो आखणार, आणि वादकांकडून काय हवं ते तो तोंडानं आवाज काढून सांगायचा. ड्रमरला सोलो न करता ठेका धरून ठेवायला सांगणारा तोच होता. कान त्याचा होता हे खरंच. पण हात त्याचे नव्हते. ठेके आपण स्वतः बांधायचो, असं क्लाइड शेवटपर्यंत सांगत राहिला. माझ्या मते श्रेयाच्या यादीत दोन नावांना जागा होती.

खुद्द क्लाइडची तक्रार पैशांपेक्षा नावाबद्दल जास्त होती. आपला ठेका वापरल्याचा त्याला राग नव्हता. वापरलात तर निदान नाव लिहा, एवढंच त्याचं म्हणणं होतं.

मॅडिसनमधले सोमवार

१९७० च्या सुमारास ब्राउनचा बँड सुटला आणि क्लाइड मॅडिसनला आला तो कायमचा. तिथे तो स्थानिक कलाकार म्हणून जगला. शहराच्या मध्यवर्ती भागात दर सोमवारी रात्री त्याचा स्वतःचा बँड वाजायचा. हे वीस वर्षांहून अधिक काळ चाललं. विद्यार्थी यायचे, नाचायचे, बिअर प्यायचे. त्यातल्या अनेकांच्या वॉकमनमध्ये याच माणसाचा ठेका असायचा आणि समोर कोण वाजवतंय याचा पत्ता नसायचा. 'व्हॉड या नो?' या रेडिओ कार्यक्रमातही तो बरीच वर्षं ड्रमर होता. मॅडिसनच्याच बुच विगनं 'गार्बेज' हा बँड काढला, तेव्हा १९९५ च्या त्यांच्या पहिल्या अल्बमलाही क्लाइडचा हातभार लागला.

आणि मग १९९७. निर्माता रिचर्ड माझ्दाबरोबर 'द रिव्हेंज ऑफ द फंकी ड्रमर'. ब्राउनच्या बँडमध्ये पाऊल ठेवल्यापासून तीस वर्षांहून जास्त काळ गेला होता. अल्बमच्या नावातच त्यानं स्वतःची ओळख परत घेतली. 'फंकी ड्रमर' हे तोवर एका गाण्याचं नाव होतं, जे ब्राउनच्या मालकीचं होतं. आता ते एका माणसाचं नाव झालं.

खरा सूड मात्र मला त्याच्या दुसऱ्या अल्बममध्ये दिसतो. २००२ मध्ये त्यानं 'द ओरिजिनल फंकी ड्रमर ब्रेकबीट अल्बम' काढला. २६ ट्रॅक आणि सगळे ठेके. म्हणजे ज्यांना सॅम्पल करायचंय त्यांनी जुन्या रेकॉर्डमधून उचलण्यापेक्षा थेट कारागिराकडून घ्यावं. दुकान थाटलं, पाटी लावली. 'कॉपीराइट क्रिमिनल्स' या सॅम्पलिंगवरच्या माहितीपटात तो दिसला, तेव्हा त्याच्या विशेष आवृत्तीबरोबरही त्याचे नवे ठेके देण्यात आले, परवाना घेऊन रीतसर वापरता येतील असे. एका बाजूला वकिलांच्या फौजा, दुसऱ्या बाजूला हा साधा व्यवहार.

२००३ मध्ये 'द ओरिजिनल' हा तिसरा अल्बम आला. जेबोबरोबर 'फंकमास्टर्स' नावानंही त्यानं काम केलं. २००७ च्या 'सुपरबॅड' या विनोदी चित्रपटाच्या पार्श्वसंगीतासाठी दोघं पुन्हा एकत्र वाजले.

आजारपण, आणि एक गुप्त चेक

२००० मध्ये क्लाइडला मूत्राशयाचा कर्करोग झाला. अमेरिकेत आरोग्य विमा नसेल तर अशा आजाराचं बिल माणसाला आयुष्यातून उठवतं, आणि फ्रीलान्स वादकांकडे विमा असणं ही चैनीची गोष्ट. बिल ऐंशी-नव्वद हजार डॉलरच्या घरात गेलं. ते कुणीतरी परस्पर भरून टाकलं.

तो कुणीतरी म्हणजे प्रिन्स. हो, 'पर्पल रेन'वाला. क्लाइड हा त्याचा आवडता ड्रमर होता. ही गोष्ट बाहेर आली २०१६ मध्ये, प्रिन्सच्या मृत्यूनंतर, आणि ती क्लाइडनंच सांगितली.

हे वाचून डोळे पाणावतात हे मान्य. पण ज्या माणसाचा ठेका जगभर विकला जातोय, त्याच्या उपचारासाठी एका श्रीमंत चाहत्याच्या मनात यावं लागलं, याचा रागही यायला हवा. पुढे क्लाइडला मूत्रपिंडाचा आजार जडला, डायलिसिस सुरू झालं. २०११ मध्ये त्यानं सोमवारचे कार्यक्रम थांबवले आणि बँड पुतण्याकडे दिला. २०१६ मध्ये 'रोलिंग स्टोन' मासिकानं सर्वोत्कृष्ट शंभर ड्रमरची यादी काढली, त्यात क्लाइड आणि जेबो यांना एकत्र सहावा क्रमांक दिला. १८ फेब्रुवारी २०१७ रोजी मॅडिसनमध्ये मूत्रपिंड निकामी होऊन क्लाइड गेला. त्याच वर्षी विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या मॅडिसन शाखेनं त्याला मरणोत्तर मानद डॉक्टरेट दिली.

तो एकटाच नव्हता. १९६९ मध्येच 'द विन्स्टन्स' या बँडचं 'आमेन, ब्रदर' हे गाणं आलं. त्यातला सहा-सात सेकंदांचा ड्रमचा तुकडा तर फंकी ड्रमरपेक्षाही जास्त वापरला गेला. इंग्लंडचा जंगल आणि ड्रम अँड बेस हा अख्खा संगीतप्रकार त्यावर उभा आहे. तो वाजवणारा ग्रेगरी कोलमन २००६ मध्ये अत्यंत गरिबीत वारला. २०१५ मध्ये इंग्लंडमधल्या चाहत्यांनी वर्गणी काढून त्या बँडच्या रिचर्ड स्पेन्सरला २४ हजार पौंड दिले. कोलमनच्या हातात त्यातलं काहीच पडणार नव्हतं.

आपल्याकडे काय स्थिती आहे?

हिंदी चित्रपटसंगीताचा सोनेरी काळ म्हणतात, त्या काळातल्या ऑर्केस्ट्रात गोव्याचे वादक मोठ्या संख्येनं होते. सी. रामचंद्र यांच्या 'अलबेला'मागे चिक चॉकलेट होते, शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांमागे अरेंजर म्हणून सेबॅस्टियन डिसोझा. पडद्यावर नाव संगीतकाराचं. अँथनी गोन्साल्विस हे नाव देशाला माहीत झालं ते १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी'तल्या गाण्यामुळे, आणि तेही या नावाचे एक खरेखुरे व्हायोलिनवादक होते, प्यारेलाल त्यांचे शिष्य होते, हे अनेकांना आजही माहीत नसतं.

कायदा बदललाय. २०१२ मध्ये भारतीय कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली आणि कलम ३८ अ नुसार सादरकर्त्यांना, म्हणजे गायक आणि वादकांनाही, त्यांच्या सादरीकरणाच्या व्यावसायिक वापरासाठी रॉयल्टीचा हक्क मिळाला. २०१३ मध्ये गायकांची हक्क संघटना उभी राहिली आणि पुढे तिनं वादकांनाही सामावून घेतलं.

पण सादरकर्त्याच्या व्याख्येत एक अट आहे, ती प्रत्येक वादकानं वाचायला हवी. चित्रपटात एखाद्याचं काम किरकोळ किंवा प्रासंगिक असेल आणि धंद्यातल्या रिवाजानुसार त्याचं नाव श्रेयनामावलीत कुठेच येत नसेल, तर त्याला सादरकर्ता मानलं जात नाही. त्याला फक्त आपल्या सादरीकरणाची मोडतोड झाल्यास दाद मागता येते. म्हणजे नाव हा नुसता मानाचा प्रश्न उरत नाही. पडद्यावर नाव आलं नाही तर 'तुमचं काम किरकोळ होतं' असं म्हणायला समोरच्याला वाव मिळतो. नाव लिहा, एवढंच मागणारा क्लाइड भाबडा वाटत असेल तर हे कलम पुन्हा वाचा.

अमेरिकेतली आजची व्यवस्था थोडी सुधारली आहे. इंटरनेट रेडिओसारख्या सेवांवर गाणं वाजलं की साउंडएक्स्चेंज ही संस्था पैसे गोळा करते. त्यातले ५० टक्के रेकॉर्डिंगच्या मालकाला, ४५ टक्के मुख्य कलाकाराला आणि ५ टक्के बाकीच्या सगळ्या वादक-गायकांच्या निधीत जातात. साध्या एफएम रेडिओवर वाजलं तर वादकांना आणि गायकालाही काही मिळत नाही, फक्त गीतकार-संगीतकाराला मिळतं.

ऐकायचं असेल तर

'इन द जंगल ग्रूव्ह' या अल्बममधलं पूर्ण लांबीचं 'फंकी ड्रमर' शोधा. शक्यतो हेडफोन लावा, कारण फोनच्या स्पीकरवर घोस्ट नोट्स गायब होतात. पाच मिनिटं धीर धरा. सगळी वाद्यं थांबतील आणि एकटा क्लाइड उरेल. मग लगेच 'कोल्ड स्वेट' लावा, आणि त्यानंतर त्याच्या स्वतःच्या नावावरचे ते तीन अल्बम. तिथे कव्हरवर नाव त्याचंच आहे.